गोल फिरतंय तवर

कोरेगावच्या रस्त्यावर मळीचा टँकर पुढं लागला की मी काच वर घेतो, तरी तो आंबूस वास आत येतोच आणि इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यातली आमची संगणकखोली डोळ्यांपुढं उभी राहते. ऐन हंगामात मेलचा सर्व्हर रखडायचा, म्हणून सगळ्यांचे जुने मेल दुसऱ्या डिस्कवर हलवायचं काम माझ्याकडं होतं. ते सावकाश चाललंय म्हणून वरच्या साहेबांनी, मी नको नको म्हणत असताना, हलवलेला मेल नीट पोचला का हे तपासणारी सेटिंग बंद करायला लावली. वेग खरंच वाढला. शेवटचा ऊस गाळला गेला त्या दुपारी भोंगा झाला, बाहेर गुलाल उडाला आणि कारखान्याची स्वतःची वीज थांबवून बाहेरची घेताना सर्व्हर मध्येच बंद पडला. शेतकी खात्यातल्या एका वयस्क कारकुनाचे मेल तेव्हा वाटेत होते; सैन्यातून परत न आलेल्या त्यांच्या मुलानं पाठवलेले. तपासणी बंद असल्यानं ते जुन्या डिस्कवरून पुसले गेले होते आणि नव्या डिस्कवर पोचलेच नव्हते. कुणीतरी लावलेला गुलाल कपाळावर तसाच घेऊन ते कारकून आत आले. "सायेब, पोराचं तेवढं दिसंना." मी खरं ते सांगितलं. ते स्टुलावर बसले आणि पडद्यावर फिरणाऱ्या गोलाकडं बघत म्हणाले, "पर त्ये हुडकतंय नव्हं अजून? गोल फिरतंय तवर असू द्या." खोलीला कुलूप लावायची वेळ झाली, तेव्हा त्यांच्यादेखत तो पडदा मलाच बंद करावा लागला. आता मी साताऱ्यात याहून मोठे सर्व्हर सांभाळतो; काम संपून गोल थांबला की ते स्टुलावरून उठताना दिसतात.