अंगावरचं माप

"जुना ड्रेस ठेवून जा. त्याच्यावरनं कापते."

शिलाईवाल्या काकू मला असं म्हणाल्या तेव्हा मी आठवीत होते. शाळेचा नवा ड्रेस शिवायचा होता. मंठ्याजवळच्या आमच्या गावात बायकांचे कपडे शिवणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या आधी वर्गातल्या दोघींना त्यांनी समोर उभं केलं. टेप छातीभोवती फिरवली, खांदा मोजला. गुदगुल्या झाल्या म्हणून त्या हसल्या. मी पुढे झाले. काकूंनी टेप गळ्यात टाकली आणि खुर्ची मागे सरकवली.

जात त्यांनी विचारली नाही. कोण कुठल्या वस्तीतून येतं, हे गावाला पाठ असतं.

माय सोबत होती. ती गुमान घरी गेली आणि माझा जुना ड्रेस घेऊन आली. तो तरी माझा कुठला? मोसंबीच्या बागेच्या मालकांकडे माय अंगणझाड, शेणगोठा करायची, त्यांच्या मुलीने वापरून टाकलेला. ती अंगाने भरलेली, मी काडी. काकूंनी तिच्या मापाचा नवाकोरा ड्रेस मला शिवून दिला. कापड माझं, माप तिचं. प्रार्थनेला उभी राहिले की खांदा दंडावर घसरायचा आणि मागून पोरी खिदळायच्या.

माय म्हणायची, "वाढतं अंग हाय. बसंल बराबर."

नाही बसला. दहावीपर्यंत नाही.

बारावीनंतर मी मंठ्याला शिवणक्लास लावला. जुनी मशीन घरी आणली. पहिला ब्लाउज मायचा, हे ठरलेलंच होतं. आयुष्यभर तिने मालकीणबाईंचे उतरलेले ब्लाउज घातले. हुक तुटले तिथे पिना, काखेत ठिगळं.

मी टेप घेऊन उभी राहिले तर माय मागे सरकत भिंतीला टेकली. "घामानं भरले मी. जुनाच घे न मापाला."

"न्हाई माय. अंगावरच घेते. हात वर कर."

तिने हात अर्धवट उचलले. मी माप घेतलं, जीव लावून कापलं, शिवलं. ब्लाउज दंडातून वर चढेना. पुढच्या दोन्ही बाजू एकमेकींना भेटेनात.

पुन्हा टेप लावली तेव्हा कळलं. टेप जवळ आली की माय अंग चोरायची. पोट आत, खांदे पुढे, श्वास रोखलेला. मालकांच्या ओट्यावरून जाताना कुणाला धक्का लागू नये म्हणून ती जशी जायची, तशीच पोटच्या लेकीपुढे उभी होती. मी आखडलेल्या मायचं माप घेतलं होतं.

"माझंच अंग चुकलं गं," ती म्हणाली.

मी मशीनवर डोकं टेकून रडले. कापड वाया गेलं म्हणून रडतेय असं वाटून ती मलाच समजावत बसली.

दिवाळीला मालकीणबाईंनी नेहमीसारखं जुन्या कपड्यांचं गाठोडं दिलं. मी ते उचललं आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवलं.

"बाई, आता हे देऊ नका. आमचे कपडे मी शिवून राह्यले."

"शिवायला आलं की एवढा माज? मायला इचारलं का आधी?"

नव्हतं विचारलं. विचारलं असतं तर मायने मला दारातच अडवलं असतं.

दुसऱ्या दिवशी मायचं काम गेलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पुढे सरकवते, तोंड फिरवते. अंदाजाने सैल कापून मी तिला दुसरा ब्लाउज शिवला. त्याची घडी तिने अजून मोडलेली नाही. पिना लावलेलाच घालते.

ती पाठमोरी बसली की काखेतली ती ठिगळं दिसतात. वाटतं, बाईंचे पाय धरावेत, ते गाठोडं परत आणावं, निदान माय बोलेल तरी.

नाही आणणार. मायने मरेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं तरी दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा मी या घरात येऊ देणार नाही.