शिक्काताईची अर्धी रजा

आमच्या रस्त्यावर शिक्काताई कोण, हे भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या घरासमोर पहिल्या मजल्यावर राहते ती. तिचं खरं नाव काय, हे सांगण्यात अर्थ नाही. तिला स्वतःलाही ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर भेटत असेल. नगरपालिकेच्या परवाना विभागात बावीस वर्षं ती आवक खिडकीवर बसते आहे. लोकांनी आणलेला कागद घ्यायचा, वरपासून खालपर्यंत वाचायचा, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा आणि वहीत नोंद करायची. एवढंच काम, पण त्यात तिनं कधी कुणाला खोट सापडू दिली नाही.

चेहरा मात्र असा की भिंतीनं शिकवणी लावावी. मी एकदा तिला म्हणालो, "ताई, तुझ्या तोंडावर हसू यायला अर्ज करावा लागतो का गं?"

"करा," ती म्हणाली. "दोन प्रतींत."

तिनं विनोद केला की माहिती दिली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

घरात ती आणि तिचे दादा. दादा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच तिला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. स्वतः बसवर ड्रायव्हर होते. चार वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात राहिला, तोही नावाला. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीतली खुर्ची. तिथून आमचा चौक अख्खा दिसतो, आणि चौकात बस वळतात. एखाद्या ड्रायव्हरनं वळण झोकात घेतलं की दादांचं बोट खुर्चीच्या दांड्यावर वाजतं. कुणी खडबडीत घेतलं की डोळे मिटतात. मी संध्याकाळी चहाला जातो, तेव्हा आम्ही दोघं मिळून ड्रायव्हरांना नावं ठेवतो. बोलायचं काम माझं, मान्यता त्यांची. दुसरं काहीच त्यांच्याजवळ उरलेलं नाही, आणि हे ताईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मग मोबाइलचे छोटे अँटेना आले. इमारतींवरचे उंच मनोरे नव्हेत. दिव्याच्या खांबाएवढा खांब आणि त्याच्या माथ्याशी पाण्याच्या पिंपाएवढा करडा डबा. फोन नीट लागणार म्हणून सगळे खूश, आणि आमच्या दारात नको म्हणून सगळे नाराज. भांडणं वाढली तेव्हा नगरपालिकेनं नियम केले. खांबाचा रंग दिव्याच्या खांबासारखा हवा, पायवाट अडता कामा नये, झाडाची फांदी तोडायची तर वेगळी परवानगी हवी. जिथं खांब येणार तिथं आधी नोटीस चिकटवायची आणि पंधरा दिवस थांबायचं. एखाद्या घराची दर्शनी खिडकी झाकली जात असेल आणि घरमालकानं मुदतीत तशी लेखी हरकत दिली, तर कंपनीनं खांब सरकवून दोन घरांच्या मधल्या हद्दीवर न्यायचा. हरकत आली नाही, तर घरमालकाची ना नाही असं धरायचं.

या नोटिसा लावायच्या कामावर आणि नंतर टेप घेऊन तपासायच्या कामावर नेमणूक झाली शिक्काताईची. हरकती घ्यायलाही तीच. मला तर पर्वणीच होती. काय एकेक हरकती यायच्या! कुणाचं डोकं दुखतंय, कुणाची कबुतरं उडून गेली. आमच्या कोपऱ्यावरच्या घरमालकिणीनं तर लिहून दिलं की खांबाची नोटीस लागल्यापासून सून उलट बोलते.

"तब्येतीचा मुद्दा आमच्याकडे चालत नाही," ताईनं तिला खिडकीतून सांगितलं.

"आणि सुनेचं काय?"

"तीही नाही."

आणि मग एका सोमवारी सकाळी ताई पिशवीत खळीचा डबा घेऊन खाली उतरली, आणि आपल्याच घरासमोर, पायवाटेच्या कडेला गाडलेल्या खुंटीवर नोटीस चिकटवून कामाला निघून गेली. मी चष्मा लावून वाचून आलो. जागा बरोबर दादांच्या खिडकीपुढे. मान वर करून पाहिलं. खांबावरचा डबा जिथं येणार, तिथूनच दादांना चौक दिसत होता.

संध्याकाळी मी विचारलं, "ताई, पाहिलंस ना कुठं येतोय?"

"मीच लावली नोटीस."

"मग हरकत दे."

"पंधरा दिवस आहेत."

दहा दिवस ती हेच म्हणत राहिली. मी टोचून टोचून दमलो. अकराव्या दिवशी तिच्या पोटातलं बाहेर आलं. "काका, ज्या टेबलावर हरकती येतात, त्याच टेबलाच्या घरातून हरकत गेली, तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच ना? मी काही म्हणणार नाही."

"तुम्हीच सगळ्यांत आधी म्हणाल," ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

घर दादांच्या नावावर. त्यांना सही करता येत नाही. अंगठा चालतो, पण दोन साक्षीदारांसमोर. तेराव्या दिवशी तिनं मला आणि खालच्या शिंप्याला वर बोलावलं. अर्ज तिनं दादांना वाचून दाखवला, सगळा, अगदी 'मा. महोदय'पासून. मग विचारलं, "दादा, मान्य?" दादांनी डोळे मिटून उघडले. तिनं त्यांचा डावा अंगठा शाईच्या गादीवर टेकवला, कागदावर टेकवला, आणि ओल्या फडक्यानं पुसला. शिंपी खाली मान घालून सही करत होता. जिना उतरताना तो मला म्हणाला, "काका, ही बाई अशी काम करत होती जसं काही दुसऱ्याचेच भाऊ आहेत." मी म्हणालो, "तिला सगळेच दुसऱ्याचे." हसण्यासाठी म्हणालो होतो. तो हसला नाही.

चौदावा दिवस रविवार. पंधराव्या दिवशी ती अर्ज घेऊन कामावर गेली. आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? खुर्चीवर बसेल, शिक्का उचलेल, आपल्याच कागदावर मारेल. पण ताईच्या विभागात एक रीत आहे, आणि ती तिनंच पाडलेली आहे. कर्मचाऱ्यानं आपल्या नातलगाचा कागद आतून घ्यायचा नाही. कागद बाहेरून, रांगेतून यायला हवा, आणि तोही घरच्याच माणसाच्या हातून. आणि कामावर असलेला माणूस नागरिक म्हणून रांगेत उभा राहू शकत नाही. म्हणून तिनं सकाळीच साहेबांची सही घेऊन दुपारपासून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शिक्क्याच्या कपाटाची किल्ली लिफाफ्यात घालून साहेबांच्या टेबलावर ठेवली, पर्स उचलली, दरवाजातून बाहेर आली आणि रांगेत उभी राहिली.

मी साक्षीदार म्हणून सोबत गेलो होतो. साक्षीदाराची तिथं गरज नव्हती, पण असा खेळ चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

रांग सात माणसांची. ताई आठवी. समोर तिचीच खिडकी, आत तिचीच खुर्ची, पाठीला बांधलेल्या उशीसकट. आणि खुर्ची रिकामी. रांग हलेना. पाऊण तास झाला, तेव्हा पुढच्या एका बाईनं मागे वळून पाहिलं आणि ओळखलं.

"अहो, तुम्हीच ना इथल्या?"

"हो."

"मग आत जाऊन बसा की! आमचंही उरकेल, तुमचंही."

"मी रजेवर आहे," ताई म्हणाली.

रांगेत जे हसू फुटलं ते सांगता सोय नाही. मीही हसलो. मागचा एक फेरीवाला म्हणाला, "बाई, तुमच्या जागी तुमचीच वाट बघताय होय?" ताईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागली.

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, डोक्याला तेल थापून. मी खिडकीशी जाऊन त्यांना म्हणालो, "साहेब, तुम्ही मारा ना शिक्का."

"कसा मारू? शिक्का ताईंच्या नावावर आहे. ताबा घ्यायचा तर साहेबांचा लेखी आदेश लागतो."

"मग साहेब?"

"पाहणीला गेलेत, नदीपलीकडे. पाचपर्यंत येतील." मग ते ताईकडे पाहून जरा ओशाळून म्हणाले, "ताई, तुम्हीच शिकवलंत ना, दुसऱ्याच्या शिक्क्याला लेखी आदेशाशिवाय हात लावायचा नाही? मागे मी एकदा लावला होता तर तुम्ही माझ्याकडून खुलासा लिहून घेतलात."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली.

"ताई," मी तिच्या कानाशी म्हणालो, "रजा रद्द कर. आत जा. दोन मिनिटांचं काम आहे."

"रजा रद्द करायची तरी साहेबांचीच सही लागते, काका."

एकेक जण कंटाळून गेला. फेरीवाला गेला, ती बाई गेली. शेवटी रांगेत ताई पहिली आली, कारण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. साडेचारला आतून शिपायानं खिडकीची झडप ओढली. ओढता ओढता त्याला ताई दिसली, तेव्हा सवयीनं म्हणाला, "निघालात का ताई?"

"निघाले," ती म्हणाली.

साहेब पावणेसहाला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेआधीच पोचली. पर्समधून अर्ज काढून तिनं खिडकीच्या बाहेरच्या फळीवर ठेवला, आणि कामाची वेळ झाल्यावर खुर्चीत बसून, हात घालून तो आत घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. त्या दिवशीच्या तारखेचा शिक्का मारला. मग लाल पेन घेऊन वर लिहिलं, 'मुदतीबाहेर. दप्तरी दाखल.' हे मला त्या तेल थापलेल्या गृहस्थांनी सांगितलं. म्हणाले, "आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो हो. कालची तारीख मारली असती तरी कुणाला दिसलं नसतं. खरं तर त्यासाठीच बघत होतो दुसरीकडे."

संध्याकाळी मी चढलो तो तावातच. "अगं, तारखेच्या शिक्क्याला चाकं असतात ना? एक दात मागं फिरवला असतास तर हात झडला असता का?"

ती दादांना चमच्यानं चहा पाजत होती. दादांच्या ओठाच्या कडेनं थोडा ओघळला, तो तिनं पुसला.

"बावीस वर्षांत किती लोक एक दिवस उशिरा आले असतील, काका? त्यांना मी काय सांगितलं?"

"त्यांचे दादा नव्हते!"

"असतील की. कुणाकुणाचे असतील."

दादा आमच्या दोघांकडे पाहत होते. चौकात एक बस वळली, तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

तिसऱ्या आठवड्यात कंत्राटदाराची माणसं आली. मुकादम भला होता. त्यानं पायवाटेवर खडूनं फुली मारली, वर पाहिलं, खिडकीत बसलेले दादा पाहिले, आणि काम थांबवून बिडी पेटवली. ताई टेप घेऊन आलीच होती. मी माझ्या पायरीवर बसून ऐकत होतो. मुद्दाम बसलो होतो, कबूल.

"मॅडम, घर तुमचंच ना हे?" मुकादम म्हणाला.

"हो."

"वर बाबा बसलेत. डबा त्यांच्या नाकासमोर येतोय. असं करतो, चार पावलं तिकडं हद्दीवर घेतो. मला काय, खड्डा तो खड्डा. कंपनीचे लोक इकडं फिरकत नाहीत. कोण येतंय टेप घेऊन बघायला?"

"मी," ताई म्हणाली.

मुकादमानं बिडी विझवली. मला वाटलं, आता ती काही बोलेल. तिनं पिशवीतून नकाशा काढला, उलगडला, फुलीच्या जागेवर बोट ठेवलं. "कागदावर इथं आहे," ती म्हणाली.

खांब दोन दिवसांत उभा राहिला. रंग बरोबर दिव्याच्या खांबासारखा. डबा चढला त्या दुपारी मी वर दादांजवळ बसलो होतो. गंमत करायची म्हणून मी म्हणालो, "दादा, आता तुमचा फोन फार छान लागणार बघा." माझं मलाच ते बेचव लागलं. खिडकीत आता करडा पत्रा होता, त्यावर एक पिवळी चिकटपट्टी आणि कंपनीचा क्रमांक. डाव्या अंगाला रस्त्याची एक चिंचोळी पट्टी दिसत होती, पण वळण त्या पट्टीत बसत नव्हतं. बसचा आवाज यायचा, बस यायची नाही. मी खुर्ची सरकवून पाहिली, आधी इकडे, मग तिकडे. इकडे शेजारच्यांची गच्ची आणि तिकडे भिंत.

ताई खालून वर आली. टेप गुंडाळत होती. टेबलाशी बसून तिनं तपासणीचा कागद भरला. उंची, रंग, पायवाटेची मोकळी रुंदी, खिडकीपासूनचं अंतर. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'नियमाप्रमाणे.' सही केली. मग तशीच बसून राहिली, पेन हातात, टोपण न लावता.

दादांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. थरथरत हवेत थांबला, खाली आला, पुन्हा उचलला गेला. मला वाटलं त्यांना पाणी हवंय, म्हणून मी उठलो. पण हात खिडकीकडे निघाला होता. पडद्याची कड त्यांच्या बोटांत यायला केवढा तरी वेळ लागला. दोनदा सुटली. मी ताईकडे पाहिलं, की अगं, उठ, ओढून दे त्यांना. ती पाहत होती. उठली नाही.

दादांनी पडदा शेवटपर्यंत ओढून घेतला. खोलीत अंधारल्यासारखं झालं. ताईनं उठून दिवा लावला आणि विचारलं, "काका, चहा टाकू?"

मी हो म्हणालो. नाही कशाला म्हणायचं होतं, तेच मला सुचलं नाही.