लाल रंग उडाला त्या सोमवारी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात एक नवीन सोय सुरू झाली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना एका पेपरच्या जागी प्राध्यापकांच्या हाताखाली वर्षभर संशोधन करता येणार होतं, आणि त्याची क्रेडिट पेपरइतकीच धरली जाणार होती. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. वर्गातल्या बहुतेकांनी पेपरच घेतला. पेपरला निदान गाईड मिळतं, जुने प्रश्न मिळतात. मला मात्र उत्तर कुठेच छापलेलं नाही असं काहीतरी एकदा करून बघायचं होतं. आमच्या विभागाच्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि "मला प्रोजेक्ट पाहिजे," एवढंच म्हणून उभी राहिले.

मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी मान वर करून विचारलं, "कुठून येतेस?"

"कोडोलीहून. एस.टी.नं."

"इचलकरंजीत कुणी आहे?"

"आत्या आहे."

"मग रविवारी आत्याकडे जा. कापड रंगवतात तिथलं पाणी ज्या गटारातून वाहतं, त्याच्या काठची माती बाटलीत भरून आण. त्या रंगातही जंतू जगतायत. त्यातला एखादा रंग मोडतो का, ते तू शोधायचं."

मी जवळजवळ उड्या मारत बाहेर पडले.

आत्या हौसेनं बरोबर आली. गटाराचं पाणी त्या दिवशी गर्द लाल होतं. मी चमच्यानं चिखल उकरायला बसले, तशी सायकलवरून चाललेला एकजण थांबला. "काय ओ मावशी, काय पडलं काय आत?"

"काय न्हाय. भाची कॉलेजात शिकत्या, तिला माती पायजे."

"कॉलेजात आता मातीबी शिकवत्यात व्हय?" म्हणत तो हसत गेला. आत्यानं मात्र ती बाटली पदरात गुंडाळून स्टँडपर्यंत आणून दिली.

पुढचे कित्येक आठवडे काहीच घडलं नाही. मातीतून वेगवेगळे जंतू वाढवायचे, लाल रंग घातलेल्या पाण्यात सोडायचे, आणि ते फ्लास्क शेकरवर चढवायचे. शेकर म्हणजे फ्लास्क सतत हलवत ठेवणारं यंत्र. जंतूंना भरपूर हवा मिळावी म्हणून. रोज सकाळी एस.टी.तून उतरले की मी धावत प्रयोगशाळेत जायची आणि रोज ते पाणी तसंच लाल. मैत्रिणी विचारायच्या, "सरबत झालं का गं?"

मग एका शनिवारी शेकरच बंद पडला. मोटर जळाल्याचा वास आला. शाहूपुरीतला मेकॅनिक तो उचलून घेऊन गेला. फ्लास्क टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी ते तसेच टेबलावर मांडून घरी गेले.

सोमवारी दार उघडलं, आणि रांगेतला एक फ्लास्क पांढुरका दिसला. आधी वाटलं कुणीतरी पाणी बदललं. जवळ जाऊन बघितलं तर लेबलावर माझंच अक्षर. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मॅडम वर्ग सोडून आल्या.

"मॅडम, रंग गेला!"

त्यांनी फ्लास्क उजेडात धरला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "कशानं गेला?"

"जंतूंनी."

"कशावरून? खिडकीतल्या उन्हानं गेला नसेल?"

मी वळून खिडकीकडे बघितलं. तेवढ्यात त्यांनीच कामाला लावलं. तेच जंतू, तोच रंग. एक फ्लास्क उजेडात, एक काळ्या कागदात गुंडाळून, आणि एकात जंतू आधी उकळून मारलेले. शेकर नव्हताच, सगळे टेबलावर.

त्या संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "रंग गेला, त्यात काय? माझ्या साडीचा पहिल्याच धुण्यात जातोय की." वडील हसून हसून बेजार झाले. मग त्यांनीच हळूच विचारलं, "पर खरंच किड्यानं खाल्ला व्हय गं?"

दोन दिवसांनी कळलं. उजेडातला पांढुरका. काळा कागद सोडला, तोही पांढुरका. मेलेल्या जंतूंचा मात्र लालभडक. आता एकच शंका उरली होती. रंग जंतूंच्या अंगाला नुसता चिकटला तर नसेल? मॅडमनी ते पाणी यंत्रात गरगर फिरवून जंतू तळाशी बसवले. नळी बाहेर काढली तर तळाशी पांढरा ठिपका. लाल कुठेच नाही. म्हणजे रंग चिकटला नव्हता, मोडला होता.

मॅडमनी ती नळी माझ्या हातातून घेतली आणि एक चप्पल टेबलाखाली तशीच सोडून व्हरांड्यातून केमिस्ट्री विभागात दाखवायला पळत सुटल्या. मी ती चप्पल हातात घेऊन मागे.

शेकर दुरुस्त होऊन आल्यावर कोडं सुटलं. हलवत ठेवलं की रंग तसाच राहायचा, स्थिर ठेवलं की उडायचा. आमच्या जंतूला या कामाला हवा नकोच होती. पुढे मॅडमनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून लेख शोधून आणले. असं घडतं हे इतरांना आधीच सापडलेलं होतं. माझा चेहरा पडलेला बघून त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे तू बरोबर आहेस. आणि या गटारातला हा जंतू त्यांनी कुठे बघितलाय?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाणी नितळ दिसतंय. पण स्वच्छ झालंय का?"

रंग मोडून त्याचं काय झालं, हे मी तपासलंच नव्हतं. सरांनी गुण चांगले दिले, क्रेडिट पदरात पडली, पण तो प्रश्न मला बसू देईना. दुसऱ्या दिवशी घरातली ज्वारी पुडीत बांधून मी पुन्हा प्रयोगशाळेत हजर.

"परीक्षा झाली ना तुझी?" मॅडम म्हणाल्या.

"मार्कांसाठी नाही, मॅडम."

तीन बशांत तीन वेगळ्या पाण्यांत ज्वारी भिजत घातली; पाणी स्वच्छ असेल तर दाणे नीट रुजतील. नळाच्या पाण्यातली तरारून आली, लाल पाण्यातली जेमतेम. आमच्या नितळ पाण्यातली लाल पाण्यापेक्षा बरी, पण नळाच्या मानानं मुळं आखूडच.

"म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे त्यात अजून कायतरी हाय!" मी कोडोलीच्याच बोलीत बोलून गेले.

एरवी पुस्तकी मराठीशिवाय न बोलणाऱ्या मॅडम ओरडल्या, "हाय की!" आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.