सेलिनबाईंनी अंडं सोडलं

वसईजवळच्या वटारमध्ये कुणाच्या घरचा केक मधे बसला, की बायका आधी एकच गोष्ट विचारत, "सेलिनबाईंना विचारलं होतंस का?" विचारलं नसेल तर बसलाच पाहिजे, असा सगळ्यांचा पक्का समज. सेलिनबाई केक शिकल्या सासूच्या हाताखाली. वाळू तापवलेल्या पातेल्यात केक भाजायचा तो काळ. पुढे घरात ओव्हन आला, पण अंडी फेटायची ती हातानेच. पांढरं इतकं घट्ट व्हायला हवं की टोप उलटा केला तरी हलता कामा नये, आणि ते सिद्ध करायला बाई तो टोप स्वतःच्याच डोक्यावर उलटा धरून दाखवत. एकदाच ते सगळं डोक्यावर आलं, मुलाच्या, म्हणजे ॲल्रॉयच्या, बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी. त्याला आता छत्तीस वर्षं झाली, तरी त्यांचे यजमान आलोशियस अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात आणि बाई अजून चिडतात.

अशा बाईच्या नातीला अंडं चालू नये, याला काय म्हणावं?

ते कळलं तेही बाईंच्याच हातून. जोआना अकरा महिन्यांची होती. सून टिफनी बँकेत गेलेली. ताजा केक समोर, पोर टकमक बघतेय, आजीला राहवेना. नखाएवढा तुकडा बोटावर घेऊन त्यांनी तिच्या तोंडात घातला. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आणि आलोशियसनी मोटारसायकलच्या मागे दोघींना बसवून दवाखाना गाठला. जीवावरचं निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं, अंड्याचा अंशसुद्धा नको.

टिफनी सासूला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढची सात वर्षं वाटत राहिलं. टिफनी फक्त विचारू लागली. लग्नात, बारशाला, बेकरीत, शाळेच्या पार्टीत, समोर काहीही आलं की तिचा एकच प्रश्न, "यात काय काय आहे?" आणि उत्तर काहीही आलं तरी पोरीपुढे शेवटी ठेवला जाई तो घरून आणलेला लाल झाकणाचा डबा. लोकांना तो प्रश्न आगाऊ वाटे, पण टिफनीला त्याची फिकीर नव्हती. मात्र हाच प्रश्न ती घरातही विचारी. सासूने केलेल्या चटणीलासुद्धा. तेव्हा सेलिनबाई एकेक जिन्नस मुकाट्याने सांगत आणि आत कुठेतरी खचत.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा करून आलं की घरात ऑम्लेट-पाव ठरलेला. बाकीच्यांचं ऑम्लेट एका तव्यावर, जोआनाचे तांदळाचे पोळे दुसऱ्या तव्यावर. नारळाच्या दुधातले पोळे उत्तम होत, पण पोरीची नजर पप्पांच्या ताटावर. हे गाऱ्हाणं बाईंनी एकदा शेजारच्या विनयाताईंकडे केलं. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, वटारला घर बांधून राहिलेल्या. त्या हसायलाच लागल्या. "अहो सेलिनबाई, आमच्याकडे टोमॅटो ऑम्लेटात अंडं कधी असतं? बेसन, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. झालं ऑम्लेट!" जगात बिनअंड्याचं ऑम्लेट असतं हे बाईंना वयाच्या साठीनंतर कळलं. पुढच्या रविवारी जोआनाने पावात घालून दोन खाल्ली आणि वर पप्पांना ऐटीत म्हणाली, "माझं जास्त पिवळं आहे."

त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात किडा वळवळू लागला. ऑम्लेट होतं, मग केक का नाही?

कारणही तसंच होतं. जोआना धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाऊ लागली होती, मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा सोहळा. वर्गातल्या सिस्टरना तिने पहिल्याच दिवशी हात वर करून विचारलं होतं, "वेदीवरच्या भाकरीत अंडं असतं का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही गं, नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी." घरी येऊन पोरीने ही बातमी सगळ्यांना दिली आणि लगेच पुढचं विचारलं, "मग घरी जो केक कापणार, तो पण मला खाता येईल?"

टिफनी म्हणाली, "येईल. मुंबईत बिनअंड्याचं एक दुकान आहे, तिकडून मागवू."

सेलिनबाई भाजी चिरत होत्या. गावातल्या प्रत्येक पोराच्या कम्युनियनचा केक त्यांच्या हातचा, आणि स्वतःच्या नातीचा दुकानातून? विळीवरचा हात थांबला.

"मी करते," त्या म्हणाल्या.

टिफनीने त्यांच्याकडे बघितलं. नाही म्हणाली नाही, हो तर नाहीच. "बघू, मम्मी," म्हणाली.

त्या 'बघू'ने बाईंना पेटवलं. नाताळ संपला तशा त्या कामाला लागल्या. नवे टोप आणले, नवा चमचा, नवा साचा, पिठाचं वेगळं पिंप, आणि सगळ्यावर लाल फडकं. पहिला केक आलोशियसच्याच वाडीतली पिकली केळी कुस्करून केला. तो असा झाला की आलोशियस चहात बुडवून खाता खाता म्हणाले, "चांगला आहे, पण हा केक आहे की केळ्याचा शिरा, तेवढं सांग." दुसरा इतका कडक झाला की सुरी वाकली. जवस वाटून भिजत घातले तर पोरीने नाक मुरडावं असा वास. आलोशियस बिचारे सगळे प्रयोग खात गेले, पँटचा पट्टा एक भोक पुढे सरकला. शेवटी फेब्रुवारीत बाईंनी अंड्याची जागा भरायचा हट्ट सोडला आणि अंड्याची आठवण काढणंच बंद केलं. घट्ट दही घेतलं, त्यात सोडा घालून फसफसू दिलं, तेल-साखर घोटली, आणि सुकेळी, म्हणजे वसईत राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती, बारीक चिरून कोमट दुधात भिजवून घातली. ओव्हन उघडला तर केक मधोमध छान उचललेला. बाई ओव्हनसमोरच्या पाटावर बसून रडल्या. इतकी वर्षं केक केले, पण केकपायी रडल्या त्या पहिल्यांदाच.

टिफनीने विचारलं, काय काय आहे. बाईंनी सगळं सांगितलं. जोआनाने तुकडा तोंडात टाकला, डोळे मोठे केले, दुसरा घेतला. आणि पाच मिनिटांत ओठाची कड खाजवू लागली.

टिफनीने डॉक्टरांनी दिलेलं औषध पाजलं, ॲल्रॉयने गाडी काढली. यावेळी ओठ थोडेच सुजले, दुपारपर्यंत पोर घरी येऊन पेरू खात बसली. पण सेलिनबाई देवाच्या फोटोसमोर बसल्या त्या उठल्याच नाहीत. अंडं नव्हतं! नव्हतंच! मग झालं काय?

संध्याकाळी टिफनी शेजारी येऊन बसली. आवाज चढलेला नव्हता. "मम्मी, पहिल्यापासून सांगा. काय काय केलंत, कशाने केलंत."

बाईंनी सुरुवात केली. नव्या टोपात पीठ चाळलं. नव्या चमच्याने घोटलं. साच्याला तूप लावलं. तिथे त्या थांबल्या.

साच्याला तूप लावायची त्यांची कुंचली कोंबडीच्या पिसांची होती. सासूने बांधलेली, चाळीस वर्षांची. गावातल्या जुन्या सगळ्या घरांत अशीच असे, दुकानातला ब्रश त्यांच्या हाताला कधी बसलाच नाही. टोप नवा, चमचा नवा, साचा नवा, पण कुंचली नवी आणावी असं मनातच आलं नाही, कारण ती भांडं नव्हती, हाताचाच भाग होती. आणि नाताळात पावांना तकाकी यावी म्हणून त्याच कुंचलीने त्यांनी अंडं फासलं होतं. धुतली होती. पण पिसांच्या मुळाशी काय राहतं ते कोण बघतं?

सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. पिठाच्या गिरणीवर ढकलता आलं असतं, सुकेळी विकणारीवर ढकलता आलं असतं. बाईंच्या ओठांवर गिरणीचं नाव आलंही होतं. पण समोर बसलेल्या सुनेने सात वर्षं एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं पुरं उत्तर द्यायची पाळी आज खरी आली होती.

"कुंचली जुनी होती," त्या म्हणाल्या. "अंड्याची. माझीच चूक, बाय. तेव्हाही माझी, आताही माझी. तू तो दुकानातला केक मागव."

टिफनी आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही पिठाचं नाव सांगाल." आणि तिने सासूचा हात धरला. सात वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलिनबाईंनी अंडी फेटायचा मोठा टोप, जुने साचे आणि नाताळच्या सगळ्या ऑर्डरींची वही उचलली आणि गल्लीतल्या क्लाराच्या घरी नेऊन ठेवली. क्लारा त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती बघतच राहिली. "मावशी, असं कसं? लोक तुमच्या नावावर येतात."

"येऊ देत तुझ्याकडे. माझ्या स्वैपाकघरात आजपासून अंडं नाही."

कुंचली मात्र कुणाला दिली नाही. वाडीत एका केळीच्या बुंध्याशी खड्डा करून पुरली. सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागितली.

गावात चर्चा झालीच. बाईंना काहीतरी नवस असेल, असंही कुणी म्हणालं. विनयाताईंनी मात्र वेगळंच काढलं. "म्हणजे यंदापासून मार्गशीर्षात तुमच्या नाताळच्या ताटातला केक मलाही खाता येईल! इतकी वर्षं तो नुसता बघत होते." संकष्टीला त्यांनी पहिला केक सांगितला, मग त्यांच्या बहिणीने, मग बहिणीच्या शेजारणीने. सेलिनबाईंना वाटलं होतं, नाव गेलं. नाव कुठे गेलं नव्हतं, फक्त दुसऱ्या दारांनी येऊ लागलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, डॉक्टरांना विचारून, जोआनाने पुन्हा एक तुकडा खाल्ला. टिफनी हातात औषध घेऊन समोर उभी होती, आणि आधी तिने विचारलंही होतं, "यात काय काय आहे? आणि साच्याला काय लावलं?" सेलिनबाईंनी सांगितलं, "तेल. बोटाने." एक तास झाला, दोन झाले. काही झालं नाही. पोर खेळायला पळाली.

मे महिन्यात कम्युनियन झालं. मांडवात शंभरेक माणसं. पांढऱ्या झग्यातली जोआना टेबलापाशी उभी, समोर दोन मजली केक, वर दही-साखरेच्या सायीचा थर आणि सुकेळ्यांच्या पातळ चकत्यांचं फूल. गाणं झालं, टाळ्या झाल्या, तिने सुरी फिरवली. पहिला तुकडा हातात घेतला आणि सवयीने थांबून आईकडे बघितलं. आठ वर्षांची पोर, पण तिला ठाऊक होतं की आधी आई विचारते आणि मगच खायचं असतं. सेलिनबाईही थांबल्या. पीठ, दही, सोडा, तेल, साखर, दूध, सुकेळी... मनात यादी तयार होती.

टिफनी काही विचारेना.

"मम्मा, विचार ना," जोआना म्हणाली.

"काय विचारायचं? आजीने केलाय ना? खा."

पोरीने पूर्ण तुकडा एकदम तोंडात कोंबला. नाकाला दही-साखरेची साय लागली. लाल झाकणाचा डबा सवयीने टेबलाच्या कोपऱ्यात आला होता, पण आज रिकामा होता. तोंड भरलेलं असतानाच तिने तो ओढून आजीपुढे धरला, "यात पण भर. उद्या खेळताना सगळ्यांना देणार."

सेलिनबाईंनी डबा भरायला घेतला. झाकण टिफनीने लावलं.