सोललेलं लिंबू आणि टांगलेला ससा
परवा नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्न गावच्या घरात लिंबू चिरलं आणि त्या वासासरशी दहा-बारा वर्षांपूर्वीची द हेगमधली एक दुपार आठवली. बाबा गेल्यावर आईला मी इकडे घेऊन आले होते, पण ती त्यांचं नावही काढत नसे आणि दोन घास खाऊन ताट सरकवायची. जरा मन रमेल म्हणून तिला संग्रहालयात नेलं. तिथे एका काळपट चित्रात मेलेला ससा उलटा टांगलेला होता, खाली तितर आणि चांदीच्या ताटलीत अर्धवट सोललेलं लिंबू. मी फलक वाचून भारदस्त आवाजात सांगितलं, "यात आयुष्याची क्षणभंगुरता दाखवलीय." आई चष्मा सारखा करत म्हणाली, "ते असू दे. याचं पोट कधी साफ करणार? वास सुटेल. तुझे बाबासुद्धा असाच ससा ओट्यावर टाकून अंघोळीला पळायचे, निस्तरायचं मी! आणि लिंबू कुणी सोलतं का गं?" ती हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "चल, भूक लागलीय." चित्रकाराचं नाव मी केव्हाच विसरले, पण तिथल्या कॅन्टीनमध्ये स्वतःचं सूप संपवून आईने माझ्या ताटलीतला अर्धा पाव न विचारता उचलला, ते अजून आठवतं.