हिंदुरावांचा जावई आटत नाही

बेलवलीच्या हिंदुरावांचा ताणलेल्या कोणत्याच गोष्टीवर विश्वास नाही. त्यात त्यांचा तरी काय दोष? उभी हयात अंबरनाथच्या कापडाच्या प्रोसेस हाउसात स्टेंटर मशीनवर गेली. लेगिंग्जचं ताणलं जाणारं लायक्रावालं कापड दोन्ही कडांना पकडून गरम हवेतून काढायचं, मग सैल सोडून रात्रभर पडू द्यायचं, मग धुऊन, वाळवून मोजायचं. एवढं सोसूनही आटलं नाही तरच ते कापड खरं. माल घेणारी पार्टी कितीही बोंबलू दे, त्याआधी हिंदुराव हो म्हणत नाहीत.

त्यामुळे त्यांच्या लेकीनं, शलाकानं शेजारच्या गावातल्या कॅम्प पाचमधल्या विनीतला लग्नाचं विचारायला घरी आणलं, तेव्हा पोराची काही धडगत नव्हती.

"पहिल्या भेटीत सगळेच ताठ बसतात," हिंदुराव बायकोला, राजाबाईंना म्हणाले. "हे माप धरायचं नाही."

त्यांनी विनीतला पोटभर जेवू घातलं, मोबाइल काढून घेतला आणि चटईवर आडवं केलं. बिचारा घोरायला लागला. उठल्यावर मोरीत नेऊन त्याच्या डोक्यावर बादली ओतली आणि तसाच ओलाचिंब गच्चीवर उन्हात उभा केला. हे लग्न आता मोडलंच, म्हणून शलाका आत कडी लावून रडत होती, आणि हा बाप वर जाऊन जाऊन जावई वाळला का ते चाचपत होता. काय म्हणावं या माणसाला?

विनीत वाळून खाली आला. "काका, इस्त्री करणार असाल तर शर्ट काढून देतो," म्हणाला, आणि सकाळी आल्या आल्या हसला होता तसाच हसला.

"आटला नाही," हिंदुराव म्हणाले. लग्न ठरलं.

लग्न थाटात झालं. पाठवणीची गाडी दारात आली आणि वधूपिताच गायब. बघतात तर हिंदुराव फेट्यासकट त्याच चटईवर आडवे.

"अहो, उठा. लोक बघतायत," राजाबाई म्हणाल्या.

"मला जरा सैल पडू दे. आजवर पोरीला घट्ट धरून होतो, आत्ता सोडलीय. रात्रभर तरी लागेल."

राजाबाईंनी कपाळाला हात लावला. विनीतनं मात्र मुंडावळ्या खुंटीला अडकवल्या, शेरवानीची बटणं काढली आणि सासऱ्याशेजारी अंग टाकलं. "ड्रायव्हरला बोला, सकाळी ये."

शलाका शालू सावरत बापाच्या पायाशी बसली. "सकाळी बादली मी ओतणार, बाबा."

"गरम पाण्याची ओत," हिंदुराव म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडले.