थेंबसर आणि पडद्यावरचा थेंब

आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मुलं थेंबसर म्हणायची. आम्लात वरच्या काचेच्या नळीतून अल्कली थेंबाथेंबाने सोडायचं आणि द्रावण फिकट गुलाबी झालं की त्याच क्षणी तोटी बंद करायची, हा प्रयोग भल्याभल्यांना घाम फोडतो. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. सर मात्र मुलांशी गप्पा मारता मारता नेमक्या थेंबाला तोटी बंद करायचे. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी शेजारच्या खोलीत जीवशास्त्र शिकवतो. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ठेवलेलं अर्धं जग तर मुलांना दिसतच नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांनी अचानक कॉम्प्युटरचा ध्यास घेतला. तोवर हे गृहस्थ मोबाइलवर साधा मेसेज पाठवायचा तरी बायकोला हाक मारत. लेकीकडून शिकून त्यांनी हा अख्खा प्रयोग पडद्यावर उभा केला: नळी, खाली पात्र, बटण दाबलं की एक थेंब. रंग हुबेहूब. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना डोक्यावर घेतलं, दुसऱ्या शाळांतले शिक्षक बघायला येऊ लागले. खऱ्या नळ्या कपाटात गेल्या. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. त्याच सुमारास सरांनी स्टाफरूममधला चहा सोडला. पित्त होतं म्हणाले.

खरं कारण मला त्यांच्या घरी कळलं. वहिनींनी माझा कप काठोकाठ भरला आणि सरांचा अर्धाच. सर तेव्हा आतल्या खोलीत होते.

"भाऊजी, यांचा उजवा हात थरथरतो," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "औषध चालू आहे, पण फरक नाही. कुणाला बोलू नका. बाईंना कळलं तर प्रयोगशाळा काढून घेतील आणि बसवतील ग्रंथालयात. तिथे हा माणूस झुरून जाईल हो."

मी तोंडाला कुलूप लावलं. ज्या नव्या दृष्टीसाठी आम्ही सगळे त्यांची पाठ थोपटत होतो, ती म्हणजे हातावर ओढलेलं पांघरूण होतं. विणलं मात्र सुरेख होतं, हेही तितकंच खरं.

एकदा बाई पाहुण्यांना घेऊन प्रयोगशाळेत आल्या. मलाही बोलावलं होतं. सरांनी बटण दाबून दाखवलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, पडद्यावर थेंब दर वेळी सारखाच पडतो. खरा पण असाच पडतो का?"

"अगं, उत्तर तेच येतं ना?" बाई म्हणाल्या.

वेळ मारून न्यायला एवढं पुरेसं होतं. पण सर कपाटाकडे गेले.

नळी भरून स्टँडला लावेपर्यंत त्यांनी डाव्या हातावर निभावलं. तोटीला उजवा हात लागला आणि काच स्टँडवर किणकिणायला लागली. अल्कलीची धारच सुटली. पात्र गडद गुलाबी झालं. कुणी हसलं नाही.

"माझा हात थरथरतो," सर म्हणाले. "म्हणून मी हा पडदा आणला. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

बाई म्हणाल्या, "मग सर, कॉम्प्युटरवरच शिकवा की. तिथे काही चुकत नाही."

"तिथे चुकताच येत नाही, बाई. मग मुलांनी चुकायचं कुठे?"

सरांनी त्या मुलीला पुढे बोलावलं, नवं पात्र ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही हात खिशात घातले.

"तोटी फिरव. हळू. अगं, हळू! आता बघ, रंग येतोय आणि जातोय. एकच सोड. थांब."

गुलाबी रंग राहिला, जेमतेम दिसेल इतका. बाईंनी वाकून पात्र पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "नळ्या उद्यापासून बाहेरच राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि प्रयोगशाळेची किल्ली तुमच्याकडेच."

मधल्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये येऊन माझ्या शेजारी बसले आणि चहा मागितला. शिपाई कप भरता भरता थांबला.

"थांबलास का? पूर्ण भर की," सर म्हणाले.

तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा चहा बशीत सांडला, थोडा मी तपासत असलेल्या वह्यांवर. तीन वह्यांवर डाग पडले. मला फार बरं वाटलं.